बुळबुळीत राख

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर भांडी घासली. माझी बायको कावेरी राखेनं घासायची, मी विसळायचो. मुलानं आणलेला लिंबाच्या वासाचा साबण शेजारीच असायचा, पाहुण्यांना दाखवायला. त्या संध्याकाळीही रसमचं पातेलं माझ्या हातातून परत घेत ती म्हणाली, "तुमचं विसळणं म्हणजे लांबूनच नमस्कार." सकाळी ती उठली नाही.

ती तंजावरकडची, राखेला सांबल म्हणायची. मी गिंडीच्या कारखान्यात, कोळशाचा गॅस करायच्या भट्टीवर. चौथी नापास, पण आगीतलं सगळं मला कळतं असा माझा समज. भट्टीतली राख घरी आणली की ती चिमूटभर ओल्या तळहातावर रगडायची आणि निकाल द्यायची. मी हसायचो.

मग नवे साहेब आले. मोठं शिक्षण, मोठा पगार. कोळशात शेंगांची टरफलं मिसळा म्हणाले. धूर कमी, पुण्य जास्त. आधी थोडी टरफलं नुसतीच जाळून बघितली. ती राख मी घरी नेली.

कावेरीनं रगडली. "अहो, ही साबणासारखी बुळबुळीत लागते. माहेरी असली सांबल चुलीत पाघळून काचेसारखी बसायची. कोळशाची एकटी असते तेव्हा कोरडी राहते, ही तिलाही घेऊन पाघळेल. साहेबांना सांगा."

सांगतो कसला. एवढ्या शिकलेल्या माणसाला बायकोच्या तळहाताचा दाखला द्यायचा? "तू भांडी घास," म्हणालो.

टरफलं कोळशात मिसळली आणि आठवड्यात भट्टीच्या तळाशी राख वितळून खंगर बसला, दगडासारखा. जाळी बंद, गॅस बंद, साहेब फोनवर. तीन दिवस पहारीनं तो फोडला कोणी, तर मी. घरी सांगितलं, कोळसाच हलका निघाला. माझ्या खांद्याला तेल चोळता चोळता ती एवढंच म्हणाली, "कोळशालाच नावं ठेवा. तो उलटून बोलत नाही."

तुझं बरोबर होतं, हे तीन शब्द काही मला जमले नाहीत. पुढं दोन वर्षं रोज तिच्या शेजारी उभा राहून विसळत होतो, म्हणजे सवड नव्हती असंही नाही.

ती उठली नाही त्या दिवशी दुपारी तिला लाकडांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाबरोबर अस्थी वेचायला गेलो. भटजी दूध शिंपडत होते. मी कडेची चिमूटभर राख घेतली, तळहात ओला केला आणि रगडली, ती रगडायची तशी.

"अप्पा, काय करताय?" मुलगा म्हणाला.

बुळबुळीत लागली.

"कोळसा चांगला होता गं," मी राखेच्या ढिगाला सांगितलं.