दिराची गिरणी

माझी नात पुण्यात कॉलेजला आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, आम्हाला आता ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आहे. तुला नाही कळणार." मी म्हटलं, तुझी आई जन्मायच्या आधीच मी ते ऐकून ऐकून विटले होते. तिला खरं वाटलं नाही. न वाटू दे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझा धाकटा दीर सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. नवरा पलटणीत, उत्तरेकडे. त्याला कुटुंबासाठी क्वार्टर मिळाल्याचं पत्र आलं होतं. पण कोरेगावात सासूबाईंनी ठरवलं की धाकट्याला खानावळीचं सोसत नाही, तो पास होईपर्यंत थोरल्या सुनेनं सांगलीत खोली करून त्याला रांधून घालावं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सगळे दिवस जोडले तरी चार महिने मी नवऱ्याजवळ राहिले नव्हते. दीर पास झाला तर मी सुटणार, नापास झाला तर आणखी एक वर्ष सांगली. मी चौथी शिकलेली, पण त्याच्या परीक्षेची काळजी त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती.

त्यांच्या कॉलेजात परदेशातून शिकून आलेले एक मास्तर होते. त्यांनी ही नवी विद्या आणली. दीर ती मोठ्यानं पाठ करायचा. खोली एकच, त्यामुळे कान झाकायची सोय नव्हती. आधी एक साचा ठरवायचा. त्या साच्यातून हव्या तितक्या वस्तू काढायच्या. प्रत्येक वस्तू आपली माहिती आपल्यापाशी ठेवते आणि आपलं काम आपण करते. दुसऱ्यानं तिला फक्त काय हवं ते सांगायचं, कसं करायचं ते तिचं ती बघते. एवढं म्हणून झालं की तो वर न बघता ओरडायचा, "वैनी, च्या!" जेवलेलं ताट त्यानं वर्षभरात एकदाही उचललं नाही.

मास्तरांनी काम दिलं होतं की गावातली एखादी रांग घ्या, जाऊन बघा आणि ती कॉम्प्युटरवर चालवून दाखवा. दिरानं पिठाची गिरणी घेतली, कारण ती आमच्या गल्लीच्या तोंडाला होती. एवढी जवळ असूनही तो तिथे गेला नाही. खाटेवर पडून मला विचारलं,

"वैनी, एका डब्याला किती वेळ लागतो?"

"कशाच्या? गव्हाच्या का जवारीच्या?"

"काय बी असंना. डबा तो डबा."

"आवं भावजी, तसं नसतं. तिथं नंबर..."

"तुमी भाकरीचं बघा."

मी भाकरीचं बघितलं.

कॉलेजात कॉम्प्युटर नव्हताच. ही मंडळी कार्डांना भोकं पाडायची, त्यांचा गठ्ठा मुंबईला जायचा आणि आठ दिवसांनी छापील कागद परत यायचा. कॉम्प्युटर न बघताच कॉम्प्युटर शिकायचा, आणि रुबाब मात्र कलेक्टरचा. कागद आला तेव्हा दीर खूश झाला. त्याच्या गिरणीत पहिला आलेला डबा पहिला दळला जात होता, दुसरा दुसरा, सगळे ओळीनं. मास्तरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आमचा गव्हाचा डबा याच गिरणीत सकाळी आठला ठेवतात, तो दुपारी तीनला घरी येतो. तुमच्या गिरणीत तो अर्ध्या तासात कसा दळला?" मास्तरांनी सांगितलं, शनिवारी शेवटचा गठ्ठा जाईल, त्यात दुरुस्त झालं नाही तर पुढच्या वर्षी परत या.

हे त्यानं घरी येऊन रडवेल्या तोंडानं सांगितलं. पुढच्या वर्षी म्हणजे माझ्याच गळ्यात. मी सकाळी जवारीचा डबा त्याच्या डोक्यावर ठेवला, गव्हाचा मी घेतला आणि त्याला पुढं घालून गिरणीत नेलं. बायका बघतच राहिल्या.

"काय गं, दीर दळायला आणलास व्हय?"

"कालिजात हायत ते. दळण कसं दळत्यात ते शिकाय आल्यात."

"आगं बया! आन आमी कालिजाबिगारच शिकलो की!"

गिरणीवाल्यानं त्याला हसत हसत सांगितलं, "सायेब, जवारी हाय तवर जवारीच. मागनं ईल तिची बी आधी. मग गहू. हरबऱ्याची डाळ शेवटाला. डाळीमागं कोन आपला डबा लावंल?" जात्यात आधीचं पीठ राहतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं, म्हणून गव्हावर गहू आणि जवारीवर जवारी. चुलीपुढं बसणाऱ्या कुठल्याही पोरीला हे माहीत असतं. दीर नाकाला रुमाल लावून दारात उभा होता. चार तास उभा राहिला, मध्ये दोनदा "झालं का?" म्हणाला.

घरी आल्यावर मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, डबे सगळे सारखे, पण प्रत्येकात काय आहे ते त्या डब्यालाच ठाऊक असू द्या. गिरणीवाल्यानं त्याला विचारायचं आणि मग नंबर लावायचा. तुम्ही रोज ओरडता ते हेच ना? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू पाटा-वरवंटा बोलला. मग खाली मान घालून लिहायला लागला.

शनिवारी गठ्ठा गेला. कागद बरोबर आला आणि तो पास झाला. तोंडी परीक्षेत मास्तरांनी विचारलं, हे कसं कळलं? हा म्हणाला, "चार दिवस गिरणीत उभं राहून निरीक्षण केलं." त्याचा दोस्त आमच्याकडे पेढे खाता खाता हे कौतुकानं सांगत होता. माझी ट्रंक भरून झाली होती.

सासूबाईंचा निरोप आला की त्याला नोकरी लागेपर्यंत थांब. मी निरोप आणणाऱ्यालाच सांगितलं की तिकीट काढलंय.

मिरजेला गाडीत माझी ट्रंक दिरानंच चढवली, तेवढं खरं. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "वैनी, आता माझ्या जेवणाचं?"

"तुमचं तुमी बघा," मी म्हटलं आणि पाय वर घेऊन बसले.