माणिकरावांच्या नावाची ओळ

परवा घाटनांदूरला भाच्याकडे गेलो होतो. भाचा ठेकेदार आहे, कामाला वाघ. त्याने मोबाईलवर बांधकाम परवान्यांची यादी उघडून दाखवली आणि म्हणाला, "मामा, घरबसल्या गिऱ्हाईक. नाव बघायचं न् फोन लावायचा!"

मी मान डोलावली... पण हातातला चहा तसाच निवला. कारण हाच धंदा मी पायी केलाय, एका दुष्काळाच्या साली.

तेव्हा आम्ही गवंडी-बिगाऱ्यांच्या अकरा घरांनी मिळून मजूर सहकारी संस्था काढली होती. त्या वर्षी बोअर आटले, प्यायचं पाणी टँकरचं, मग बांधकामाला कोण देतो? कामं बंद पडली. दसरा झाला की ऊसतोडीचा ट्रक वस्तीवर येणार हे ठरलेलं. त्याआधी काम मिळालं नाही तर अकराही घरांना कुलूप, आणि पोरांची शाळा सुटली म्हणून समजा.

मी शाळेत गेलेलो नाही. सिमेंटच्या गोण्यांवरून अक्षरं शिकलो, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. तालुक्याला नगर परिषदेत जायचं, तिथल्या बाबूंना विचारून परवानगीचं रजिस्टर घ्यायचं, आणि कुणाला परवानगी मिळाली ते वहीत उतरवायचं. मग एकेक जागा बघून यायची. काम सुरू नसेल तर मालकाच्या दारात जायचं आणि सांगायचं, पाया तर खणून घ्या, त्याला पाणी लागत नाही... वरचं पाऊस झाल्यावर बांधू.

संस्थेतला आमचा नामदेव हसायचा. "काय बे, आता तूच साहेब हो न् आमालाच परवानगी दे!"

एक दिवस रजिस्टरात माणिकराव नावाचे एसटी कंडक्टर सापडले. दोन खोल्यांचं घर, परवानगीला दहा महिने झालेले, आणि जागेवर एक कुदळ पडलेली नाही. मला वाटलं, आयता घास मिळाला.

ते राहायचे भाड्याच्या खोलीत. तिथं जाऊन मी दारातूनच दणकून हाक मारली, "माणिकराव! ओ कंडक्टर साहेब, हायेत का घरी?"

आतून एक थकलेला आवाज आला... "आला का रं माणिक? लई उशीर केलास."

दार उघडलं ते त्यांच्या पत्नीने, शकुंतलाबाईंनी. माझ्याकडे बघितलं, मग मागं वळून म्हणाल्या, "न्हाई आत्या, दुसरं कोन तरी हाय." आणि मला हलक्या आवाजात, "त्यांना जाऊन चार महिने झाले. सासूबाईला कधी ध्यानात ऱ्हातं, कधी न्हाई. कालच रडून जरा निवांत झाल्या होत्या... तुमी हाक मारून लेकाला परत दारात उभं केलं."

अंगावर कुणी कढत पाणी ओतावं तसं झालं. "चुकलं बाई," एवढंच बोललो आणि माघारी फिरलो. कामाचं नाव काढलं नाही.

माणूस गेला हे रजिस्टरला कळत नाही... पण मला तरी कुठं जाणून घ्यावंसं वाटलं? गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. तिथं एक शब्द विचारला असता तरी भागलं असतं.

वाटेत ध्यानात आलं, परवानगी वर्षाची. दोन महिन्यांत मुदत संपणार, मग सगळं पहिल्यापासून. हे त्या बाईला कुणी सांगितलं असेल का? सांगायला जावं तर म्हणणार, कामासाठी आला. नामदेव म्हणाला, "जखमेवर नको हात लावू. दुसरं दार बघ."

दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी कारभारणीला बरोबर घेऊन गेलो. हाक मारली नाही, कडी तेवढी हळूच वाजवली.

मुदत कधी संपते ते सांगितलं. परवानगी स्वतःच्या नावावर करून घ्यायला कोणते कागद लागतात तेही सांगितलं. शकुंतलाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम पायजे म्हणून आलात ना?"

"काम तर पायजेच बाई, खोटं कशाला बोलू. पर आज त्याच्यासाठी न्हाई आलो. काम पायजे त्याला द्या, मुदत तेवढी जाऊ देऊ नका."

आम्ही उठून आलो.

आठ-दहा दिवसांनी त्या पत्ता विचारत आमच्या वस्तीवर आल्या. "पाया खणा. आत्याला तिथं आणून बसवीन. कुदळीचा आवाज ऐकला म्हंजी त्यांना पटंल, लेक कायतरी ठेवून गेलाय."

आम्ही खणलं. म्हातारी बाभळीच्या सावलीत बसून कान देऊन ऐकायची... मध्येच म्हणायची, "खोल जाऊ द्या रं." शकुंतलाबाईंच्या सांगण्यावरून एसटीतल्या आणखी दोघांनी पाये खणून घेतले. दसऱ्यानंतर ट्रक आलाच. पाच घरं गेली, त्यांना थांबवण्याइतकं काम माझ्याकडे नव्हतं, ती सल अजून आहे. सहा घरं राहिली.

पुढं नवी नावं शोधायला रजिस्टर उघडलं तेव्हा नजर आपोआप त्या ओळीवर गेली. माणिकरावांच्या नावावर एक बारीक रेघ, आणि खाली शकुंतलाबाईंचं नाव. बोट तिथंच थांबलं. बाबू म्हणाले, "काय शोधताय मिस्त्री?" म्हटलं, काही नाही साहेब... सापडलं.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने मोबाईल पालथा ठेवला. म्हणाला, "मामा, मग आधी कुणाला विचारू?"

म्हटलं, पिठाच्या गिरणीत विचार बाबा. कोणत्या घरचं दळण कमी झालं, ते तिथं आधी कळतं...