साळुंके सर खिडकीकडं बघतात तेव्हा

विसरभोळे कुणाला म्हणताय हो तुम्ही? तुमच्या गौरवग्रंथ समितीच्या पत्रात लिहिलंय, "सरांच्या विसरभोळेपणाचा एखादा गमतीदार किस्सा जरूर लिहावा." म्हणजे तोच ना? सर पोरीच्या लग्नाला गेले आणि कॉलेजच्या सर्व्हरचं दार सताड उघडं टाकून गेले, तो? स्टाफरूममध्ये तुम्ही हसून हसून सांगता तो? तो किस्सा खोटा आहे. मला माहीत आहे, कारण तो मीच लिहिलाय.

पण सरांच्या साठीचा ग्रंथ आहे. रीतीनं पहिल्या ओळखीपासून सांगतो.

माझ्या ईट गावाहून वाशीच्या कॉलेजात आलो त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. कॉम्प्युटर लॅबमध्ये साळुंके सरांनी मला खुर्चीवर बसवलं. "तुझं नाव सर्व्हरवर टाकलंय. पासवर्ड तू टाक," म्हणाले आणि उठून खिडकीपाशी गेले. माझ्याकडं पाठ करून सायकल स्टँडकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, चिडले.

"सर, काय टाकू?"

"ते मला सांगायचं नसतं, बाबा. झालं की 'झालं' म्हण."

मी 'झालं' म्हणेपर्यंत ते वळले नाहीत. प्राचार्य असोत की पहिल्या वर्षाचं पोरगं, सगळ्यांसाठी सर असेच उठून खिडकीकडं जात. आमच्या शिपाई कमलमावशी सर्व्हरवरचं फक्त टाइमटेबल उघडायच्या, घंटा द्यायला. त्यांनाही सरांनी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला होता.

"सर, तुम्हीच टाका की काय ते. माझं काय सोनं ठिवलंय का त्यात?"

"मावशी, तुमचं नाव हाय त्यात," सर म्हणाले आणि गेले खिडकीकडं.

हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. सगळ्यांच्या फाइली ठेवणारा सर्व्हर लिनक्सचा, ऑफिसातली कॉम्प्युटरं विंडोजची. दोन्हींची पासवर्ड जपायची पद्धत वेगळी, त्यामुळं प्रत्येक माणसाची नोंद सरांना दोन ठिकाणी करावी लागायची. विंडोजवरून कुणी फाइल मागितली की सर्व्हर आधी विचारणार, तू कोण? उत्तर जुळलं तरच फोल्डर उघडणार. आणि कोणत्या फाइलला कुणी हात लावला, हे नावानिशी लिहून ठेवणार. ऑफिसातल्या क्लार्कना याचा लई वैताग. एक जण म्हणाले, "सर, सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड करा ना. भिंतीवर चिकटवून टाकू." सर म्हणाले, "मग उद्या फाइल बिघडली, तर भिंतीला विचारायचं का?"

मी तेव्हा चोरून गोष्टी लिहायचो. घरी कॉम्प्युटर नव्हतं. सरांना कसं कळलं कोण जाणे, त्यांनी सर्व्हरवर मला स्वतःचं एक फोल्डर करून दिलं. "हे तुझ्याशिवाय कुणाला उघडणार न्हाय," म्हणाले. मग स्वतःच, "मला उघडता येतं. पण मी उघडणार न्हाय." माझं पहिलं पुस्तक त्या फोल्डरात लिहून झालं. सरांनी ते छापून आल्यावरच वाचलं, विकत घेऊन.

आता तो किस्सा.

पदवी झाल्यावर मी त्याच लॅबमध्ये तासिका तत्त्वावर लागलो. सर त्यांच्या गावी, बेंबळीला, मुलीच्या लग्नात होते आणि नेमकी तेव्हाच ऑफिसात नवी कॉम्प्युटरं आली. ती काही केल्या जुन्या सर्व्हरवरचे फोल्डर उघडेनात. प्रॅक्टिकलचे मार्क भरायचे दिवस. प्राचार्य म्हणाले, "आजच्या आज चालू झालं पाहिजे." मी सरांना फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"आपल्या सर्व्हरची ओळख तपासायची पद्धत जुनी हाय, कच्ची हाय," सर ओरडून सांगत होते. "नवं कॉम्प्युटर ती मानत न्हाय, ते बरोबरच हाय त्याचं. सर्व्हर सुधारावा लागंल. मी सोमवारी येतो. तवर पेनड्राइव्हवर भागवा. आन् ऐक, दार उघडं ठिवू नको."

"नाही सर," मी म्हणालो.

आणि फोन ठेवून दार उघडलं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली. ओळख पटली नाही तरी माणसाला परत पाठवू नको, पाहुणा म्हणून आत घे, आणि पाहुण्याला सगळं लिहू दे, खोडू दे. नव्या कॉम्प्युटरांना असल्या सर्व्हरवर जायची मनाई असते, तीही एकेकावर बसून काढली. पंधरा मिनिटांत सगळं चालू. प्राचार्यांनी चहा मागवला. "साळुंके दोन दिवस लावतील ते या पोरानं चुटकीसरशी केलं," असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते गोड लागलं.

सोमवारी सकाळी मार्कांचं फोल्डर रिकामं होतं. कुणीतरी चुकून उडवलं असणार. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता. सर्व्हरच्या नोंदीत दर ओळीपुढं माणसाचं नाव असतं, तिथं त्या दोन दिवसांत सगळीकडं एकच शब्द, 'नोबडी'. कुणीच नाही. सर दर शनिवारी सगळ्याची प्रत काढून ठेवत, पण तो शनिवार लग्नाचा होता. आठवड्याभराचे मार्क गेले. पोरांना प्रॅक्टिकल परत द्यावं लागलं. माझ्या गावची पोरं एसटीनं परत आली आणि मलाच विचारत होती, "दादा, कुणी केलं ओ हे?"

प्राचार्यांच्या केबिनमध्ये सर उभे होते. हातात स्टाफला वाटायला आणलेला लाडवांचा डबा. मी दारापाशी.

"साळुंके, हे दार कुणी उघडं ठेवलं?"

सरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "सर्व्हर माझ्याकडं आहे, सर."

एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. मी डब्याकडं बघत राहिलो. सरांना लेखी समज मिळाली. ती त्यांच्या सर्व्हिस बुकात आहे.

लॅबमध्ये आल्यावर सर एवढंच म्हणाले, "कुठं टाकलीस ती ओळ?" मी दाखवली. "तूच काढ." आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खरं तर पासवर्ड टाकायचा नव्हता. तरी गेले. माझा चेहरा त्यांना बघायचा नव्हता, की त्यांचा मला बघू द्यायचा नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिकांकात मी विनोदी कथा लिहिली. लग्नाच्या घाईत सर्व्हर उघडा टाकून जाणारे विसरभोळे सर. सगळ्यांनी ओळखलं, सगळे हसले, आणि तेव्हापासून तुम्ही तेच सांगत आलात. सरांनीही वाचली. "भाषा चांगली हाय तुझी," म्हणाले. आज मी तुकड्यातुकड्यांत, उलटसुलट लिहितो, त्याला लोक प्रयोग म्हणतात. सरळ सांगायला गेलं की हे मधी येतं, म्हणून मी तसं लिहितो.

आज सरळ लिहिलं. महिनाअखेर सर निवृत्त होताहेत. त्याआधी सर्व्हिस बुकातली ती नोंद निघाली पाहिजे. वरच्या हकिगतीची सही केलेली प्रत मी सकाळी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली आहे. समितीनं हा लेख छापावा, न छापावा. पण 'विसरभोळे' हा शब्द ग्रंथात कुठंही येऊ नये.

सरांना उदंड आयुष्य मिळावं. त्यांचे गुडघे बरे राहावेत, बेंबळीच्या शेतात नातीमागं पळता येईल एवढे. आणि त्यांच्या नावावर लागलेली माझी चूक त्यांना पुन्हा कधी वागवावी लागू नये.

समितीनं लेख ठेवायला सर्व्हरवर फोल्डर केलंय. ते उघडायला मी आत्ता लॅबमध्ये आलोय. माझं नाव सर्व्हरवर अजून आहे, सरांनी काढलेलं नाही. "सर, पासवर्ड टाकायचाय," म्हणालो, तसे गुडघ्यावर हात देत उठले आणि खिडकीपाशी गेले. पासवर्ड कधीच टाकून झालाय. फोल्डर उघडलंय. सर अजून सायकल स्टँडकडं बघताहेत, कारण मी 'झालं' म्हणालेलो नाही. तेवढ्यात हे शेवटचं लिहितोय. सेव्ह केलं की सर्व्हर याच्यापुढं माझं नाव लिहील.

करतो सेव्ह. आणि 'झालं सर' दारातूनच म्हणतो. ते वळतील, तोवर मी जिन्यात असेन.