डाग कुणाचा

आमच्या काकांनी अख्खी नोकरी एका डागावर काढली. गॅमा किरणांत काढलेल्या आकाशाच्या नकाशावरचा तो एक धुरकट डाग. त्यात एक मॅग्नेटार होता, म्हणजे प्रचंड चुंबकीय ताकदीचा मेलेला तारा, आणि त्याला खेटून भल्यामोठ्या ताऱ्यांचा एक गुच्छ. दुर्बिणीची नजर अधू, त्यामुळे किरण दोघांपैकी कुणाचे ते कळायला मार्ग नव्हता. काकांनी मॅग्नेटारची बाजू घेतली, काकूने गुच्छाची. ऑफिसात दोघांची खोली एकच, मध्ये एक लोखंडी कपाट.

घरी मात्र भांडण नाही. काकू चहा पुढे करत विचारायची, "तुमचं मढं काय म्हणतंय?"

"तुझ्या गर्दीपेक्षा बरं आहे."

निवृत्ती जवळ आली तशी काकांची थट्टा आटली. "एवढी वर्षं घातली, निदान डाग कुणाचा ते कळून जाऊ दे," असं ते मला म्हणाले तेव्हा मला फार वाईट वाटलं.

नव्या दुर्बिणीचा स्वच्छ नकाशा त्यांच्या शेवटच्या दिवशी आला. त्यांचं सामान न्यायला मी तिथेच होते. काकांनी सवयीने आधी पार्श्वभूमी वजा केली. वाटेतले वायूचे ढग जेवढे चमकतात तेवढी चमक काढून टाकायची, मग उरेल ते खरं, अशी त्यांची रीत. वजाबाकी झाली आणि डागच गायब. मॅग्नेटार कोरडा, गुच्छही कोरडा. काकांनी वजाबाकी पुन्हा करून पाहिली, तरी तेच.

काकू कपाटाला वळसा घालून आली. "वजा न करता बघा."

डाग होता. पण बाजूच्या एका ढगावर. कुणीतरी त्याच्यावर कण भिरकावत होतं, ते आपटून ढग चमकत होता. भिरकावणारा कोण, याचा पत्ता नाही. जुन्या दुर्बिणीच्या अधू नजरेमुळे वजाबाकी अर्धवट व्हायची, आणि उरलेल्या खरकट्यावरून हे दोघं आयुष्यभर वाद घालत बसले होते.

"हा ढग फालतू आहे, वजा करा, असं ठरवलं कुणी?" काका चिडून म्हणाले.

"आपणच. लग्न झालं त्या वर्षी," काकू म्हणाली. "आपलं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट."

काका आता घरी असतात. काकूची नोकरी अजून आहे. संध्याकाळी ती पर्स ठेवायच्या आत ते चहा पुढे करतात आणि विचारतात, "ढग काय म्हणतोय?"