हिरवळीवरचं वाळवंट

उपवासकाळात आमच्या चर्चच्या मंडळीने ‘वाळवंटातून मिळणारी आत्मिक शिकवण’ या विषयावर एक दिवसाचं शिबिर ठेवलं. जागा चितेगावच्या पुढे, एका रिसॉर्टची हिरवळ. तिच्यावर फवारे फिरत होते. वाळवंट वाटावं म्हणून व्यासपीठापुढे अर्धा ब्रास वाळू टाकली होती आणि ती उडू नये म्हणून तिच्यावरही पाणी मारलं होतं. खजिनदार मीच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

वक्ते पुण्याचे. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत जमा करून घेतले, कारण रानात, म्हणजे शास्त्रातल्या वाळवंटात, शांतता असते. मग पडद्यावर सीनाय पर्वताचे फोटो दाखवत म्हणाले, तहान माणसाला देवाजवळ नेते; मिसर सोडून याच वाळवंटातून निघालेल्या इस्राएल लोकांनी मात्र पाण्यासाठी कुरकुर केली आणि तिथंच ते चुकले.

मी हिशेबाचा माणूस. ते लोक पाण्यावाचून तिसऱ्याच दिवशी कुरकुरले, असं शास्त्रात आहे. आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, कधी नवव्या, आणि तोवर आम्ही गप्प असतो. तहानेने माणूस देवाजवळ जात असेल, तर आमच्या कॉलनीत एव्हाना दोन-चार संत निपजायला हवे होते. निपजले ते नळाला मोटार लावून शेजाऱ्याचं पाणी ओढणारे. त्यातले दोघे माझ्याच रांगेत डोळे मिटून बसले होते.

माझं लक्ष घरी होतं. दुसऱ्या दिवशी मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. मागचं स्थळ आलं तेव्हा मुलाची आई बाथरूममध्ये असतानाच टाकी संपली. नंतर नकार आला. कारण उंचीचं दिलं, पण बायकोने ते कधी मानलं नाही. आताही टाकी तळाला गेली होती, पाण्याचा वार उलटून गेला होता आणि घराला कुलूप होतं. बायको इथं शिबिरात, मुलगी शेंद्र्याच्या कंपनीत ड्युटीवर.

“आता पाच मिनिटं मौन,” वक्ते म्हणाले. “देव काय सांगतो ते ऐका.”

मौन सुरू झालं आणि टोपली थरथरायला लागली. आधी एक मोबाईल, मग एकदम वीस-पंचवीस. असं फक्त कॉलनीच्या ग्रुपवर पाणी सोडणाऱ्या लाइनमनचा मेसेज पडला की होतं. पाणी सुटलं होतं. सगळ्यांचे डोळे उघडले, उठलं मात्र कुणी नाही.

बायको उठली.

“भगिनी, बसा. मोह असाच बोलावतो. प्रभूने रानात चाळीस दिवस काढले.”

“काढले ना. पण त्याच्या घरी उद्या पाहुणे नव्हते,” बायको म्हणाली. “अहो, चला. गाडीची चावी काढा.”

“खजिनदारच निघाले तर कसं व्हायचं?” सेक्रेटरी कुजबुजले.

“मग ठेवून घ्या त्यांना. पाणी भरायला तुम्ही या.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “जाय माय, जाय. आमच्या बी नळाला पाईप लाव. ही घे चावी.”

फाटकापर्यंत बायकोच्या हातात पाच घरांच्या चाव्या जमल्या. मोटारवाल्या दोघांनीही दिल्या.

पोचलो तेव्हा धार बारीक झाली होती. आमची टाकी निम्मी भरली, तीन घरांतले ड्रम भरले. मोटारवाल्यांच्या चाव्या पर्समध्येच राहिल्या. “विसरले,” बायको म्हणाली. ती काही विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाच्या आईने हात धुवायला नळ करंगळीएवढा सोडला आणि लगेच बंद केला.

“तुमच्याकडं कितव्या दिवशी येतं?”

“आठव्या.”

“बरंय की तुमचं! आमच्याकडं पंधराव्या.”

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. “नाय द्यायची पोरगी या घरात. पंधरा दिवस!”

मुलगी चहा गाळत होती. “मला मुलगा पसंत आहे,” ती म्हणाली. “टाकी केवढी आहे तेवढं विचारा.”

मी बाहेर जाऊन विचारलं. मुलाच्या वडिलांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

“दोन हायेत,” ते म्हणाले. “अन् तिसरीला बी जागा हाय.”