पुसलेली सिद्धता

आज दिल्लीत, मयूर विहारच्या घरी मुलीने व्हाईटबोर्ड मार्करचं टोपण काढलं आणि त्या उग्र वासासरशी मी वीस वर्षं मागे, पीएचडीच्या मुलाखतीत जाऊन उभी राहिले.

कॉम्प्युटर सायन्स विभागातली ती खोली एसीने गारठली होती. समोर विभागप्रमुख आणि एक तरुण मॅडम. सरांनी फॉर्मवरचं माझ्या परभणीच्या कॉलेजचं नाव मोठ्याने वाचलं आणि ते हसले. मग एक प्रमेय सिद्ध करायला सांगितलं. मला ते येत होतं. बोर्डावर पाचवी ओळ लिहीत होते, तेवढ्यात सर उठले आणि माझा हात बोर्डावर असतानाच त्यांनी डस्टरने सगळं पुसून टाकलं.

"ये लोग सब रटके आते हैं," ते मॅडमना म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच, "आप जाइए."

जिन्यात मॅडम मागून आल्या. "तुम्हारा प्रूफ बिल्कुल सही था," त्या हळूच म्हणाल्या. "बुरा मत मानना." मी त्यांना तीनदा थँक यू म्हटलं.

निवड यादीत माझं नाव आलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी त्या मॅडमच्या चांगुलपणाची गोष्ट सगळ्यांना सांगत राहिले.

आता ऑफिसात मी स्वतः मुलाखती घेते. सरांनी माझी सिद्धता वाचलीच नव्हती. मॅडमनी वाचली होती, त्यांना ती पटलीही होती, आणि तरी त्या खोलीत त्या गप्प बसल्या. सरांचा चेहरा मला आता नीट आठवतही नाही. राग येतो तो मॅडमचा.