चपलेपासून पुढे

"गडी बाद नाही!" असं ओरडून जॉबरकाका उजव्या पायातली चप्पल काढायचे आणि जमिनीवर ठेवायचे. एक पाय अनवाणी, दुसरा चपलेत, दोन्ही हात कमरेवर. ते असे उभे राहिले की समजायचं, आता ब्रह्मदेव आला तरी हे हलत नाहीत. हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती चप्पल उगारून भांडतात. आमचे काका चप्पल ठेवून भांडायचे.

मिलच्या विणखात्यात ते जॉबर होते, म्हणजे कामगारांचे मुकादम, म्हणून अख्खी चाळ त्यांना जॉबरकाकाच म्हणायची. माझे बाबा त्यांच्याच हाताखाली लूम चालवायचे. मग मिल बंद पडली. भोंगा थांबला आणि भर दुपारी घराघरांत पुरुष दिसू लागले. बाबा तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. "आपण आता बाद," एवढंच म्हणायचे. धडधाकट माणूस! मला असा संताप यायचा की हातातलं भांडं आपटावंसं वाटे.

त्याच सुमाराला शहरातल्या जुन्या राजवाड्याकडून आमच्या गल्लीत केबल आली. घरात चूल विचार करून पेटायची, पण टीव्हीवर अमेरिका दिसायची. काका सकाळी केबलवाल्याच्या दुकानात जाऊन बसायचे आणि एक अजब खेळ बघायचे. हेल्मेट घातलेले रेडे एकमेकांवर आदळतायत, एकजण लांबट बॉल बगलेत मारून पळतोय. कॉमेंट्री इंग्रजी. काकांना कळायची नाही, मला अर्धीमुर्धी कळायची, कॉलेजात होते ना मी!

एकदा त्याच खेळाचा दुसरा प्रकार दिसला. मुली खेळत होत्या. कमरेला दोन बाजूंना दोन पट्ट्या, पळणारीची पट्टी ओढली की ती थांबली. धक्काबुक्की नाही, पाडापाडी नाही. काका उठून उभेच राहिले आणि केबलवाल्याला म्हणाले,

"अरे भिया, इथे तर कोणी कोणाला हातच लावत नाही! आपल्या पोरी खेळतील हे."

आधी त्यांनी पुरुषांना विचारलं होतं. चाळीपुढच्या ओटल्यावर बसून पत्ते कुटणारे म्हणाले, "काका, सठिया गए क्या?" काका म्हणाले, "बसा मग पत्ते पिसत," आणि आमच्या दारात आले.

आम्ही मुली आणि दोन नव्या सुना तयार झालो. घरोघरी कटकट झालीच, पण अंगाला हात लागत नाही म्हटल्यावर आयांचा सूर जरा उतरला. बॉल कॅनव्हासचा शिवला, आत चिंध्या ठासल्या. पट्ट्या मिलच्याच कापडाच्या, कमरेला बांधलेल्या ओढणीत खोचलेल्या. मैदानही मिलचंच. त्या मातीत काकांनी अख्खी उमर कबड्डी खेळली होती.

आणि तिथेच घोळ झाला. कबड्डी त्यांच्या हाडात भिनलेली. जिची पट्टी निघाली तिला म्हणायचे, "बाद! बाहेर बस." थोड्या वेळाने बघते तर मैदानात बॉल घेऊन मी एकटी, आणि बाकीच्या कडेला बसून शेंगा खातायत.

"काका, टीव्हीवर असं नसतं हो. पट्टी गेली म्हणून गडी जात नाही."

"मग काय जातं?"

"काहीच नाही. जिथे पट्टी ओढली, तिथून पुन्हा खेळायचं."

त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी स्वतः डोळ्यांत तेल घालून बघून आले ते धावतच. "खरंय गं तुझं! चार चान्स असतात. चारांत दहा वार पुढे गेलं की परत चार नवे. नाही गेलं तर बॉल समोरच्यांचा. पण गडी बाद नाही! कोण्णीच बाद नाही!" हे त्यांनी मला सांगितलं, पण तोंड आमच्या खिडकीकडे होतं. आत बाबा पडलेले होते.

दहा वार मोजायला काकूंचं नऊवारी लुगडं आलं. नऊ वार लुगडं आणि वर काकांचं एक लांब पाऊल. काकू कडाडल्या, "माझं लुगडं मातीत घालता?" काका म्हणाले, "जन्मभर कापडच मापलं, आता जमीन मापू दे." जिथे पट्टी निघेल तिथे काकांची चप्पल पडायची. पुढचा डाव चपलेपासून. मैदानाच्या पार टोकाला बॉल नेला की सहा गुण, आणि काकूंसकट सगळ्यांची बोंबाबोंब.

मग मिलच्या मालकांना मैदानातला आमचा खेळ खुपायला लागला. गेटला कुलूप आलं. चौकीदार म्हणाला, "काका, मालिक का हुकुम है." काका म्हणाले, "हुकूम मिलमध्ये चालायचा. मिल तर तुम्हीच बंद केली." आम्ही मोडक्या कुंपणातून आत शिरलो.

एका सकाळी ठेकेदार मजूर घेऊन आला. मैदानाच्या मधोमध चुन्याची रेषा मारली, भिंत घालायची म्हणून. आमचा दुसरा चान्स नुकताच संपला होता. काकांनी चप्पल बरोबर त्या रेषेवर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

पोलीस आले. "काका, चप्पल उठाओ और घर जाओ."

"खेळ संपला की उचलतो, साहेब."

त्यांना जीपमध्ये घातलं. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. आतून ओरडले, "पोरींनो, चप्पल हलवू नका!"

जीप गेली आणि आम्ही पोरी मागे सरकलो, खोटं कशाला सांगू? ठेकेदार चप्पल उचलायला वाकला. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात लावू नको."

बाबा होते. बनियनवर, दाढी वाढलेली. चालत आले आणि चपलेशेजारी उभे राहिले. मग ओटल्यावरचे आले, एकाच्या हातात पत्ते तसेच. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. त्या दिवशी खोदकाम झालं नाही.

पुढे झालं. भिंत झाली, भिंतीमागे उंच इमारती झाल्या, आणि काकाही गेले. तुम्ही म्हणाल, हरलातच की. म्हणा बापडे! त्या दिवशीची संध्याकाळ तुम्ही पाहिलेली नाही.

संध्याकाळी काका ठाण्यावरून पायीच आले, लंगडत. बाबा दिवसभर तिथून हलले नव्हते. म्हणाले, "जागेवरच आहे, जॉबरजी."

"मग बघतोस काय? पट्टी खोच. तिसरा चान्स."

बाबांनी पायजम्याच्या नाडीत पट्ट्या खोचल्या, बॉल घेतला आणि पळाले. किती दिवसांनी माझा बाप पळत होता! मी समोरून गेले आणि सर्रकन पट्टी ओढली. सगळ्या हसल्या. बाबाही हसले, आणि मान खाली घालून मैदानाबाहेर चालू लागले.

"अरे, कुठे चाललास?" काका ओरडले. चुन्याच्या रेषेवरची चप्पल उचलून त्यांनी बाबांची पट्टी निघाली होती तिथे ठेवली. "ये इकडे. इथून."

बाबा परत आले.